तीन झाकणांचं मेज: दुरुस्तीच्या नोंदी

१४ जानेवारी २०२३, शनिवार

मेज घरी आलं. पॅरिसलगतच्या मोंत्रय भागातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून, १६० युरोला. दोन जिने मी एकटीनेच चढवलं, कारण नवरा गाडी लावायला जागा शोधत फिरत होता. रुंदी ७८ सेंमी, खोली ४६, उंची ७३. वजन घ्यायला मेज उचलून न्हाणीघरातल्या काट्यावर उभी राहिले. मला वजा करून १९ किलो.

बंद असताना पाहणाऱ्याला वाटावं, पत्र लिहायचं नाजूक टेबल आहे. चार वाकडे पाय, हरणाच्या मागच्या पायांसारखे. वरची फळी तीन भागांची. मधला भाग मागे उलटून उभा राहतो, त्याच्या पोटाला आरसा. बाजूची दोन झाकणं बिजागऱ्यांवर बाहेरच्या अंगाला पडतात आणि खाली खोलगट कप्पे दिसतात, डब्या-बाटल्यांसाठी. समोर मध्यभागी एक ओढून काढायची फळी, तिला इथे तिरेत म्हणतात. तिच्याखाली छोटा खण. दोन्ही बाजूंना खणांच्या जोड्या दिसतात, पण वरचे दोन्ही नुसते देखावे आहेत, त्यांच्या मागची जागा कप्प्यांनी खाल्लेली.

दुकानदार याला ‘पूद्रोझ’ म्हणत होता. पूद्र म्हणजे पावडर. दुसरं नाव क्वाफोझ, केस विंचरण्याचं मेज. अठराव्या शतकातले लोक मात्र साधं ‘ताब्ल द त्वालेत’ म्हणत.

त्याने तोंडी सांगितलं, ‘लुई पंधराव्याचं आहे, मादाम, अस्सल.’ म्हणजे अठराव्या शतकातल्या त्या राजाच्या काळातलं. मी पावती मागितली. पावतीवर ‘स्तिल लुई पंधरावा’. इथे ३ मार्च १९८१ चा एक सरकारी हुकूमनामा आहे. विकणाऱ्याने ‘एपोक’ म्हणजे त्या काळातलं असं लिहिलं, तर ते त्याच्यावर बंधनकारक. ‘स्तिल’ लिहिलं तर त्या धाटणीचं, एवढंच, काळाची हमी नाही. माणूस बोलताना एपोक बोलला आणि लिहिताना स्तिल लिहिता झाला. मी हसून पैसे दिले. मला हमी नको होती, तीन झाकणं हवी होती.

का हवी होती, हे नोंदवून ठेवते. रत्नागिरीला आजीची फणेरपेटी होती, शिसवी. झाकण उघडलं की आतून आरसा, खाली कप्पे: फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, आकडे. आजी माजघराच्या दाराशी उजेडात पाट घेऊन बसायची, पेटी पुढ्यात. दहा मिनिटांत पेटी बंद, कोनाड्यात परत. दुकानात या मेजाचं मधलं झाकण वर उचललं, तेव्हा हाताला तीच हालचाल ओळखीची वाटली. आजीच्या पेटीला पाय नव्हते, एवढंच.

१५ जानेवारी, रविवार

आज मेज उलटं करून तपासलं. तळमजल्यावरचे आजोबा बॅटरी घेऊन वर आले. त्यांनी चाळीस वर्षं फोबूर सँत-आंत्वान भागात सुतारकाम केलंय. पॅरिसच्या लाकूडकामाचा तो जुना मोहल्ला.

आधी शिक्का शोधला. पॅरिसच्या सुतारांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या धंद्याच्या संघाने, अठराव्या शतकाच्या मध्यावर कारागिराला आपलं नाव लाकडात ठोकणं सक्तीचं केलं होतं. १७९१ मध्ये श्रेण्याच मोडीत निघाल्या. आमच्या मेजावर शिक्का नाही. नसण्याने काही सिद्ध होत नाही, म्हणून पुढे.

व्हिनिअरची, म्हणजे वर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ थराची जाडी: उखडलेल्या कडेला कॅलिपर लावलं, ०.७ मिमी. अठराव्या शतकात व्हिनिअर हाताच्या करवतीने कापायचे, ते एक ते दोन मिलिमीटर जाड निघे. कागदासारखं पातळ म्हणजे यंत्राचं. बिजागऱ्यांचे स्क्रू एकसारखे, टोकदार, खाच बरोबर मध्यात. जुना स्क्रू हाताने कानशीने घडवलेला असतो आणि त्याची खाच जराशी बाजूला सरकलेली असते. खणांचे कोपरेही मोजून मापून सारखे.

आजोबा म्हणाले, ‘१८८० ते १९००. कुणा डॉक्टरच्या बायकोसाठी.’ डॉक्टर त्यांच्या कल्पनेतला, कालखंड पटला. नेपोलियन तिसऱ्याच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या सम्राटाच्या काळापासून लुई पंधराव्याच्या धाटणीची नक्कल घरोघरी पोचली होती. राजाची रखेल मादाम द पोंपादूर जिथे बसली असती तसल्या मेजापाशी आता नोटरीची बायको बसायला लागली.

वरचं लाकूड ‘ब्वा द रोझ’, म्हणजे गुलाबाचं लाकूड. गुलाबाशी संबंध फक्त रंगाचा. झाड ब्राझीलचं, डाल्बर्जिया कुळातलं. आपला शिसव हाही डाल्बर्जियाच. म्हणजे आजीची पेटी आणि हे मेज लाकडाच्या नात्याने चुलत बहिणी. बाहेरची बाजू उजेडाने गवताच्या रंगाची झालीये. झाकण उघडलं की आतल्या काठाला अजून गुलाबी पट्टे. दीडशे वर्षांपूर्वी सगळं मेज त्या रंगाचं असणार. मला तर ते थोडं भडकच वाटलं असतं.

कामाची यादी: दोन ठिकाणी व्हिनिअर सुटलंय, डाव्या झाकणावर काडेपेटीएवढा तुकडा गायब, मागचा डावा पाय किडलेला, आरशाला डाग, उजवी बिजागरी ढिली, डावा खण कुलूपबंद आणि किल्ली नाही.

नवऱ्याची यादी एका ओळीची: ‘लॅपटॉप ठेवायला झकास आहे.’ त्याला खुर्ची घेऊन बसायला लावलं. पोटाखालची मोकळी जागा जमिनीपासून ५७ सेंमी उंच आणि जेमतेम ३४ रुंद. गुडघे अडकले. तो जरा नाराज झाला, मी अजिबात नाही.

२१ जानेवारी, शनिवार

कीड. पायाला दीड-दोन मिलिमीटरची भोकं, खाली पिठासारखा ताजा भुसा. भुसा ताजा म्हणजे आत अजून जेवणावळ चालू आहे. परमेथ्रिनचं औषध इंजेक्शनच्या सुईने प्रत्येक भोकात, मग पाय प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला. खिडक्या उघड्या, बाहेर कडाक्याची थंडी. दोघं कोट घालून जेवलो.

२२ जानेवारी, रविवार

आरसा. या कामाची मला खरी भीती होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आरसे कथिल आणि पाऱ्याचे असत. कथिलाच्या पत्र्यावर पारा ओतायचा, त्यावर काच सरकवायची, वर वजनं ठेवून जास्तीचा पारा निथळू द्यायचा. व्हर्सायच्या आरसेमहालातले ३५७ आरसे याच पद्धतीचे. कारागीर त्या वाफांनी झिजायचे, हात थरथरायचे, दात पडायचे. पुढे लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदी बसवण्याची रीत काढली, आणि पाऱ्याचं काम मागे पडत गेलं. पाऱ्याचा आरसा घरात सोडवायला बसू नये, त्याच्या खालच्या काठाला आजही थेंब जमू शकतात.

ओळखायचं कसं, ते आजोबांनी दाखवलं. पांढरा कागद आरशासमोर धरायचा. पाऱ्याच्या आरशात तो निळसर-राखाडी दिसतो आणि नीट पाहिलं तर बारीक कणांची चमक. चांदीच्या आरशात उबदार, किंचित पिवळट. आमचा पिवळट. सुटकेचा श्वास.

कडेला काळे ठिपके आहेत, उजव्या कोपऱ्यात फर्नच्या पानासारखी नक्षी. नवा आरसा ४० युरोत बसतो. नवऱ्याचं मत नव्याला. मी म्हटलं, तोंड बघायला न्हाणीघरात आहे की आरसा, दिव्यासकट, एकेक रंध्र मोजून दाखवणारा. हा तसाच राहील. या आरशात माणूस पाच वर्षांनी लहान दिसतो, हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही.

४ फेब्रुवारी, शनिवार

सरस. हाडांचा, साबुदाण्यासारख्या दाण्यांत मिळतो. रात्री गार पाण्यात भिजवला, सकाळी गरम केला. ६० अंशांच्या आसपास ठेवायचा, उकळला की त्याचा जीव जातो. यासाठी बाळाची बाटली गरम करायचं यंत्र वापरलं, शेजारणीने दिलेलं. परत करताना काय सांगायचं ते ठरलेलं नाही.

आईचा फोन आला तेव्हा वासाचा विषय निघाला. ‘कसला म्हणतेस?’ सांगितलं. तिकडे बराच वेळ शांतता. मग, ‘स्वयंपाकघरात?’ आमच्या घरात अंडंसुद्धा गॅलरीत उकडलं जायचं. मी म्हटलं, आई, आपल्या फणेरपेटीचे सांधे कशाने चिकटवले होते असं वाटतं तुला? उत्तर आलं नाही. फोन बाबांकडे गेला.

बाजारातला पांढरा फेव्हिकॉलसारखा गोंद सोपा होता, पण तो परत सुटत नाही. सरस गरम पाण्याने कधीही सुटतो. उद्या माझ्या चुका कुणाला तरी सोडवायच्या आहेत, तेव्हा सोय असलेली बरी.

आणि चूक आजच झाली. सुटलेल्या व्हिनिअरखाली सरस भरला, वर कागद, त्यावर कोमट इस्त्री फिरवायची होती. इस्त्री कोमट नव्हती. शेजारचा घट्ट बसलेला तुकडा फुगून वर आला, पुरीसारखा. आजोबांना हाक मारली. त्यांनी पाहिलं, इस्त्री बंद केली, फुगवट्यावर पात्याने शिरेच्या दिशेने बारीक चीर दिली, सरस आत दाबला, वर फळी आणि शिकंजा. एक शब्द बोलले नाहीत. शब्द परवडला असता.

५ फेब्रुवारी, रविवार

शिकंजे काढले. चीर दिसत नाही, हात फिरवला तरच कळते.

गायब तुकड्यासाठी ब्वा द रोझची नवी पट्टी आणली. २०१७ पासून डाल्बर्जियाचं सगळं कूळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांखाली आहे, तेव्हा दुकानदाराने जुन्या साठ्यातली पट्टी दिली आणि तशी नोंद करून दिली. तुकडा कापून बसवला. बसला छान, पण गुलाबी! गवताळ मेजावर टिकलीसारखा. उजेडाने फिकट होईल म्हणे. फेब्रुवारीतलं पॅरिसचं ऊन पाहता माझी नात तो रंग जुळलेला पाहील.

११ फेब्रुवारी, शनिवार

काम बंद, लूव्र संग्रहालय.

फ्रेंच राजघराण्यातल्या बेरीच्या डचेसचं मेज पाहायला गेले. संपूर्ण कापीव काचेचं आणि सोनेरी ब्राँझचं, सोबत तसलीच खुर्ची. १८१९ च्या औद्योगिक प्रदर्शनात ते मांडलं होतं. डोळे दिपतात. पण तिथे उभं राहून वाटलं, हे मेज बंद होत नाही. आरसा कायमचा उभा. त्याला खोली लागते, खोलीला राजवाडा लागतो.

‘त्वालेत’ शब्दाचा प्रवास मला फार आवडतो. त्वाल म्हणजे कापड, त्वालेत म्हणजे छोटं कापड. सतराव्या शतकात साध्या टेबलावर ते अंथरून त्यावर फण्या-डब्या मांडत. मग कापडाचं नाव डब्यांना मिळालं, डब्यांवरून मेजाला, मेजावरून नटण्याच्या विधीला, विधीवरून खोलीला. आणि ती खोली इंग्रजीतून फिरत फिरत आपल्याकडे टॉयलेट होऊन आली. बिचारं कापड.

अठराव्या शतकात हा विधी खासगी नव्हता. बाई मेजापाशी बसलेली, केस विंचरणारा मागे, आणि भोवती पाहुणे, कापडवाले, अर्ज घेऊन आलेले लोक. बूशे या चित्रकाराने १७४२ मध्ये रंगवलेल्या चित्रात बाई मोज्याची पट्टी बांधतेय, दासी टोपी धरून उभी, जमिनीवर वस्तूंचा पसारा आणि त्यात मांजर. केसांना पिठाची पावडर लावत, ती सगळीकडे उडे, म्हणून खांद्यावर वेगळा कपडा. खुर्च्यासुद्धा खास: पाठ मध्यभागी खाली वाकवलेली, मागच्या माणसाचा हात केसांपर्यंत पोचावा म्हणून. तिरेत कशासाठी, तेही असं कळतं. केस विंचरणं चालू असताना बाई त्या फळीवर चिठ्ठ्या लिहायची, कॉफी ठेवायची. म्हणजे नवऱ्याचा लॅपटॉप परंपरेला धरूनच आहे, गुडघे सोडून.

पोंपादूरसाठी ओबेन या कारागिराने केलेलं मेज न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. त्यात तर यंत्रच आहे, फळी मागे सरकते आणि त्याच वेळी खण पुढे येतो. तिथेही तेच: उघडलं तर प्रसाधन, मिटलं तर टेबल.

पुढे ही मेजं मध्यमवर्गाच्या झोपायच्या खोलीत गेली, दार लावून. सामान्य फ्रेंच घरांत नळाची न्हाणी फार उशिरा आली. १९५४ च्या जनगणनेत दहातल्या जेमतेम एका घरात टब किंवा शॉवर होता. तोवर तोंड धुणं झोपायच्या खोलीतच, संगमरवरी फळीच्या मेजावर जग आणि घंगाळ ठेवून. न्हाणीघर आलं, आरसा नळावर गेला, आणि आमच्या मेजासारखी मेजं माळ्यावर. आता १६० युरोला मिळतात ती म्हणून.

२५ फेब्रुवारी, शनिवार

पितळ. पायांच्या टोकांना पितळी बूट आहेत, किल्लीच्या भोकांना नक्षीदार पट्ट्या. आई म्हणाली, ‘पितांबरी लाव, लख्ख निघेल.’ निघेल, तोच त्रास आहे. या पातळ पितळेवर सोनेरी रंगाचं वार्निश आहे, घासलं की ते जाऊन मेजाला देवघरातली समई लटकवल्यासारखं दिसेल. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, बस.

कप्प्यांत जुना निळा कागद लावलेला आहे, फाटका. काढला नाही. उजव्या कप्प्याच्या फटीत केसांचे दोन आकडे सापडले आणि पांढरी पूड, घट्ट बसलेली. त्या काळच्या बायका चेहऱ्याला ‘पूद्र द री’ लावत, म्हणजे तांदळाची पावडर. बोटावर घेऊन वास घेतला, काही नाही. आमच्याकडे आजी उटणं संपलं की तांदळाच्या पिठावर भागवायची.

७ मार्च, मंगळवार

निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करण्याविरुद्ध देशभर संप. मेट्रो नाही, ऑफिस घरून. रत्नागिरीत आज धुळवड. मी पॉलिश करायला घेतलं.

आपल्याकडचे सुतार ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात तेच. इथे त्याला ‘व्हेर्नी ओ तांपों’, बोळ्याचं वार्निश. लोकरीचा बोळा, वर जुन्या सुती कापडाचा तुकडा, आत स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी. आठचा आकडा काढत हात फिरवायचा, बोळा कधीच थांबू द्यायचा नाही, थांबला की खालचा थर उचलला जातो. चिकटायला लागला तर तेलाचा एक थेंब. आधी लाकडाची रंध्रं प्युमिसच्या भुकटीने भरून घ्यायची.

चपडीच्या पिशवीवर ‘मूळ देश: भारत’. झारखंड-छत्तीसगडकडच्या पळस-कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे जे बनवतात ते इथे येऊन ‘फ्रेंच’ होतं. मागच्या पायातल्या किड्याला मारलं आणि या किड्याच्या जिवावर मेज चमकवतेय, असा विचार बोळा फिरवताना आला आणि हात थांबला. डाग पडला. तिथून परत सुरुवात.

संध्याकाळपर्यंत चार थर. अजून सहा-सात लागतील. जुनं पॉलिश पूर्ण खरवडलं नाही, वरचा मळ काढून त्यावरच चढवतेय. आजोबा म्हणतात ते बरोबर, काचेसारखं चकाकलं तर हॉटेलातलं दिसेल.

१२ मार्च, रविवार

पॉलिश झालं. बिजागरीच्या भोकांत सरस लावलेल्या काड्या ठोकून स्क्रू परत बसवले. आता ठेवायचं कुठे?

जुन्या चित्रांत हे मेज खिडकीपाशी असतं, बसणाऱ्याचं तोंड खिडकीकडे, म्हणजे उजेड चेहऱ्यावर. तर्क सरळ आहे. पण त्या खिडकीखाली रेडिएटर नसायचा. आमच्या दोन्ही खिडक्यांखाली आहे. सरसाने चिकटवलेलं व्हिनिअर रेडिएटरपाशी म्हणजे एका हिवाळ्यात परत पुऱ्या. शिवाय ऊन लागून राहिलासाहिला गुलाबी रंगही जाणार.

प्रयोग एक, बेडरूमची भिंत, वर दिवा. उजेड डोक्यावरून, डोळ्यांखाली खड्डे. आरशाचा पाच वर्षांचा आशीर्वाद व्याजासकट परत गेला.

प्रयोग दोन, खिडकीला काटकोनात. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात.

प्रयोग तीन, बाहेरची खोली, सोफ्यामागे. झाकणं बंद, वर पुस्तकं. छान दिसलं. पण मग मधलं झाकण उघडायला रोज पुस्तकं उचला. चार दिवसांत ते टेबलच होऊन बसलं असतं, यात शंका नाही.

वैतागून मेज भिंतीपासून ओढलं, तेव्हा त्याची पाठ दिसली. पाठीलाही व्हिनिअर आहे, तेवढ्याच निगुतीने लावलेलं, तीच चौकट, तेच पट्टे. भिंतीला लावायच्या वस्तूच्या पाठीवर कोण पैसा घालवतो? कपाटाची पाठ कशी असते आपल्याला ठाऊक आहे. आजोबांना फोन केला. ते म्हणाले, ‘मब्ल व्होलां.’ शब्दशः उडतं सामान. भारी, जागेवर बसलेलं सामान वेगळं आणि हे हलकं, दिवसाच्या वेळेप्रमाणे खोलीत फिरवायचं सामान वेगळं. नोकर उचलून खिडकीशी आणत, काम झालं की परत नेत. चारी बाजूंनी दिसायचं म्हणून चारी बाजूंनी सजवलेलं.

मी दोन महिने त्याला जागा शोधत होते.

१८ मार्च, शनिवार

पायांना नमद्याचे तुकडे लावले. आता सकाळी साडेसातला मेज खिडकीकडे, तोंड उजेडाकडे. दहा मिनिटं. मग झाकणं मिटून परत भिंतीशी, रेडिएटरपासून दोन मीटर लांब. १९ किलो, पण नमद्यावर सरकतं.

नवऱ्याने तिरेत बाहेर ओढून त्यावर चहा ठेवायला सुरुवात केलीये, बशीसकट. बशीशिवाय ठेवला तर चपडीवर पांढरं वर्तुळ उमटतं, हे त्याला एकदा दाखवावं लागलं.

२२ मार्च, बुधवार

पाडवा. खिडकी आज गुढीला दिली, मेज भिंतीशीच राहिलं.

आईला व्हिडिओवर तिन्ही झाकणं उघडून दाखवली. तिने आधी पाठ दाखवायला सांगितली, मग खणाचे कोपरे. मग म्हणाली, ‘डाव्या कप्प्याची लांबी किती?’ मोजली, २९ सेंमी. ती उठून गेली, टेप घेऊन आली. आजीची पेटी २६. खोली पुरेल का बघायचंय, पेटीचं झाकण आत उघडलं पाहिजे. मे महिन्यात मामाचा मुलगा येतोय, त्याच्याकडे जागा आहे का विचारते म्हणाली.

डावा खण अजून उघडत नाही. हलवला की आत काहीतरी घरंगळतं. किल्लीवाला शनिवारी येणार आहे.